अॅलन रिकमन: नाटकातला की सिनेमातला?

रिकमन म्हटलं की आपल्याला लगेच स्नेप आठवतो, आणि त्यात चूक काहीच नाही, 2001 ते 2011 हॅरी पॉटरच्या आठही सिनेमांत त्याने जे उभं केलंय ना, ते दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. पण माणूस मुळात रंगभूमीचा. आधी ग्राफिक डिझायनर, मग सव्विसाव्या वर्षी लंडनच्या राडा या नाट्यशाळेत अॅक्टिंग शिकायला गेला (हे वय मला फार धीर देतं)! 1985 ला रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ‘ले लिएझाँ दान्जरूझ’ नाटकात व्हालमाँ हे पात्र केलं, तोच रोल घेऊन 1987 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला, तिथल्या टोनी या नाट्यपुरस्काराचं नॉमिनेशन, आणि ते बघूनच त्याला डाय हार्डमध्ये घेतलं, पहिलाच मोठा सिनेमा, रिलीज झाला तेव्हा वय 42.

सिनेमाचा फायदा काय तर क्लोजअप, नुसती नजर वळवली तरी पुरते, आणि आपण कधीही परत बघू शकतो. नाटक मात्र त्या रात्री थेटरात बसलेल्यांचंच. तरी माझं पारडं नाटकाकडेच झुकतं, कारण त्याचं थांबत थांबत, एकेक शब्द तोलून जे बोलणं आपल्याला पडद्यावर आवडतं, ते स्टेजवरच घडलंय. म्हणून तर स्नेप चालू असतानाही तो ब्रॉडवेला परत गेला, 2002 ला दुसरं टोनी नॉमिनेशन.