टीपी-लिंक यूबी५००: स्पीकर जोडला की लॅपटॉप अडकतो, त्यावर हा डोंगल कितपत कामाचा?

ब्लूटूथ स्पीकर जोडून गाणं लावलं, की काही मिनिटांत लॅपटॉप अडकतो. आवाजाचा एकच तुकडा टर्रर्र वाजत राहतो आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. या तक्रारीवर दुकानात हमखास यूएसबी ब्लूटूथ डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर, सुचवला जातो. त्यात टीपी-लिंकचा यूबी५०० सहज मिळतो आणि आहेही चांगला. पण लॅपटॉप खरोखर ब्लूटूथमुळेच अडकतोय ना, हे आधी तपासा. नाहीतर डोंगल लावूनही दुखणं जागच्या जागी राहतं.

तपासणी सोपी आहे. लॅपटॉप अडकला की कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे. माउसही ब्लूटूथचा असेल तर टचपॅडवर बोट फिरवा. पडद्यावरचा बाण हलला, तर लॅपटॉप ठीक आहे, फक्त ब्लूटूथ अडकलंय. माउस आणि स्पीकर लॅपटॉपमधल्या ब्लूटूथच्या एकाच रेडिओवर (बिनतारी संदेश देणाऱ्या-घेणाऱ्या भागावर) चालतात, म्हणून दोन्ही एकदम थबकतात आणि सगळं मशीनच हँग झाल्यासारखं वाटतं. कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल तर मात्र सगळी सिस्टिमच अडकली आहे.

लॅपटॉप परत सुरू झाला की इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम पाहा. अडकण्याच्या वेळेच्या आसपास ‘बीटीएचयूएसबी’ नावाने १७ क्रमांकाची नोंद दिसली, तर ब्लूटूथ अडॅप्टरच बंद पडला होता. ‘कर्नल-पॉवर ४१’ पाहून घाबरू नका. मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं, एवढंच ती नोंद सांगते. कारण तिच्यात नसतं. शेवटची परीक्षा ऑक्स केबलची: तोच स्पीकर ३.५ मिमीच्या वायरने जोडून तासभर वाजवा. तरीही लॅपटॉप अडकला तर ब्लूटूथचा दोष नाही. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर), रॅम, पंख्यात अडकलेली धूळ याकडे वळा आणि डोंगलचे पैसे वाचवा.

दोष ब्लूटूथचाच निघाला तरी आधी फुकटचे उपाय करा. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच छोट्या कार्डावर असतात आणि अँटेनाही वाटून घेतात. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर दोघांचा पट्टा एकच. मोठं डाउनलोड सुरू झालं की आवाज तुटायला लागतो. राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा, बरीचशी तुटातूट तिथेच थांबते. पूर्ण हँग होण्यामागे मात्र बहुतेकदा ड्रायव्हर किंवा वीज वाचवण्याची सेटिंग असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पॉवर मॅनेजमेंटमधली ‘टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर’ची टिक काढा. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचाच घ्या. स्पीकरला माइक असेल तर डिव्हाइसेस अँड प्रिंटर्समध्ये त्याच्या सर्व्हिसेसमधून ‘हँड्सफ्री टेलिफोनी’ बंद करा. एखादं मीटिंगचं ॲप माइक मागतं, स्पीकर फोनच्या मोडमध्ये जातो, आणि या उलटसुलट बदलातच अनेकदा घोटाळा होतो.

एवढं करूनही जमलं नाही, तर यूबी५०० घ्यायला हरकत नाही. नखाएवढा आहे, लॅपटॉपला लावून ठेवला तरी बॅगेत अडकत नाही. विंडोज १० आणि ११ वर नेट सुरू असेल तर ड्रायव्हर आपोआप येतो. तरी कंपनीच्या साइटवरचा टाकलेला बरा. लिनक्सवर ५.१६ किंवा त्यापुढचा कर्नल हवा.

बहुतेकांची चूक होते ती लावण्याच्या क्रमात. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ नीट सांभाळतं. म्हणून आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतलं ब्लूटूथ डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, रीस्टार्टनंतर ते परत येतं. वायफायला यानं धक्का लागत नाही. मग डोंगल लावा. जोडणीची किल्ली अडॅप्टरगणिक वेगळी असते, त्यामुळे स्पीकर यादीतून काढून नव्याने पेअर करा.

पोर्टही विचारपूर्वक निवडा. यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलनं २०१२ मध्येच हे कागदावर मांडलं होतं. त्याच्या शेजारी डोंगल लावला तर नव्या डोंगलवरही आवाज तुटतो आणि बिचाऱ्या डोंगलला बोल लागतो. यूएसबी २ चं पोर्ट असेल तर तिथे लावा. नसेल तर अर्धा-एक मीटरची यूएसबी २ एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर, स्पीकरच्या बाजूला मोकळा ठेवा. इतक्या छोट्या अँटेनाला लॅपटॉपच्या धातूच्या अंगाची आडकाठीही जाणवते, म्हणून या वायरीचे पैसे खर्च कराच.

आवाजाचा दर्जा वाढेल म्हणून हा डोंगल घेऊ नका. कोणता कोडेक (आवाज आटोपशीर करून पाठवण्याची पद्धत) वापरायचा ते विंडोज आणि स्पीकर ठरवतात. विंडोज १० मध्ये एसबीसी आणि ॲप्टएक्स आहेत, ११ मध्ये एएसीही आला. डोंगलमुळे त्यात भर पडत नाही. मॅकवाल्यांनीही यात पडू नये.

नावाशिवाय विकल्या जाणाऱ्या स्वस्त डोंगलपासून लांब राहा. पाकिटावर ब्लूटूथ ५.० छापलेलं असतं, आत ४.० ची जुनी चिप निघते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या ॲडव्हान्स्ड पानावर ‘एलएमपी’पुढचा आकडा पाहा, त्यावरून ब्लूटूथची आवृत्ती कळते: ९ किंवा त्याहून मोठा असेल तरच ५.० किंवा पुढचं. ६ दिसला तर ते ४.० आहे, पाकीट घेऊन दुकानात परत जा.