इजिप्त की कंबोडिया? प्राचीन वारसा पाहण्यासाठी पहिला प्रवास ठरवताना

प्राचीन वास्तू पाहण्यासाठी परदेशी जायचे असे एकदा ठरले की नाईलकाठचा इजिप्त आणि अंगकोरचा कंबोडिया ही दोन नावे पुढे येणे स्वाभाविक आहे. दोन्ही देश विकसनशील आहेत, दोन्हींना पर्यटकांच्या पैशाचा मोठा आधार आहे आणि दोन्हीकडे जे पाहायचे त्याला जगात पर्याय नाही. त्यामुळे यांतले अधिक भव्य कोणते, हा वाद घालण्यात अर्थ नाही. हाताशी किती दिवस आहेत, सुट्टी कोणत्या महिन्यात मिळते आणि जाण्यापूर्वी किती वाचन करण्याची तयारी आहे, या तीन प्रश्नांवर निवड ठरवावी.

दिवसांचा हिशेब सर्वांत सोपा आहे. कंबोडियात सियाम रीप या एकाच गावात मुक्काम ठेवून अंगकोरची बहुतेक मंदिरे पाहता येतात. मुख्य समूह गावापासून काही किलोमीटरवर आहे आणि बांतेय स्रेईसारखे दूरचे मंदिरही टुकटुकने अर्ध्या दिवसात होते. पाच-सहा दिवसांत तेथे समाधान होईल इतके पाहून होते. इजिप्तमध्ये कैरोपासून लक्सर सुमारे ६५० किलोमीटर, लक्सरपासून आस्वान दोनशेहून अधिक आणि आस्वानपासून अबू सिंबेल आणखी २८० किलोमीटर आहे. लक्सर ते आस्वान हा टप्पा तीन-चार रात्रींच्या नौकेने केला तर एडफू आणि कोम ओम्बो ही मंदिरे वाटेतच होतात व सामान रोज बांधावे लागत नाही. परंतु हे सारे आठ दिवसांच्या आत बसवू पाहणाऱ्याच्या पदरी विमानतळ आणि महामार्गच अधिक पडतात. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, तर सियाम रीपला बँकॉक किंवा सिंगापूर येथे विमान बदलून जाणे सोयीचे पडते. पण एकदा पोहोचल्यावर कंबोडियातला वेळ वाया जात नाही.

महिन्याचा प्रश्न शाळेच्या सुट्टीशी बांधलेला असतो. मे महिन्यात लक्सर-आस्वानला पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि तेथील मंदिरांच्या प्रांगणांत सावली फार थोडी; कंबोडियात त्या सुमारास दमट उकाडा असतो व पाऊस सुरू होऊ लागतो, परंतु झाडी दाट असल्याने पहाटे आणि दुपारनंतर फिरणे शक्य होते. मे महिन्याशिवाय इलाज नसेल तर कंबोडियाच निवडावा. दिवाळीच्या सुट्टीत गणित उलटते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात इजिप्तचा उन्हाळा ओसरत असतो, कंबोडियात मात्र पावसाचा जोर पूर्ण गेलेला नसतो. २२ ऑक्टोबरला अबू सिंबेलच्या मंदिराच्या गाभाऱ्यात सूर्यकिरण पोहोचतात. तो दिवस गाठण्याचा मोह अनेकांना होतो, पण गर्दी पाहता तो टाळलेलाच बरा. डिसेंबर-जानेवारीत दोन्हीकडे हवा उत्तम आणि दर चढे. रमजानचा महिना इजिप्तमध्ये प्रवासाला निषिद्ध नाही, परंतु स्थळे लवकर बंद होतात, हे तारखा ठरवताना लक्षात ठेवावे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रामायण-महाभारताच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला अंगकोर वाटच्या ओवऱ्यांतील शिल्पपट वाटाड्यावाचूनही बरेच वाचता येतात. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेल्या या विष्णुमंदिरात शरपंजरी पडलेला भीष्म चटकन ओळखू येतो. सुमारे ४९ मीटर लांबीच्या समुद्रमंथनाच्या शिल्पपटात देवांच्या टोकाला हनुमान उभा आहे आणि दक्षिणेच्या ओवरीत यमाच्या न्यायसभेत चित्रगुप्तही आहे. इ. स. ९६७ च्या बांतेय स्रेई येथे कैलास हलवणारा रावण गुलाबी वालुकाश्मात कोरलेला आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण डोळ्यांसमोर ठेवून तो पाहावा: वेरूळला ताण आणि वजन जाणवते, येथे तोच प्रसंग चंदनाच्या पेटीवर कोरल्याइतका नाजूक झाला आहे. मात्र ‘हे सारे आपलेच’ या थाटात तेथे वावरू नये. ही मंदिरे कंबोडियाच्या ख्मेर राजांनी आपल्या भूमीच्या गरजेतून उभारली; सुमारे आठ किलोमीटर लांबीचा पश्चिम बाराय हा जलाशय आजही पाणी धरून आहे. सातव्या जयवर्म्याची बायोन आणि ता प्रोम ही मंदिरे तर बौद्ध आहेत, आणि अंगकोर वाट येथेही आज बौद्ध भिक्षूच दिसतात.

इजिप्तमध्ये अशी आयती ओळख कामी येत नाही. लक्सरच्या कर्नाक मंदिराच्या सभामंडपातील १३४ स्तंभांखाली माणूस स्तब्ध होतो खरा, पण ओसायरिस, आयसिस, होरस, आमून ही देवदेवतांची नावे आणि हातशेप्सुत, आखेनातेन व दुसरा रॅमसेस या राज्यकर्त्यांची जुजबी माहिती नसेल तर तिसऱ्या मंदिरापासून भिंती एकसारख्या दिसू लागतात. त्यासाठी आधी महिनाभर थोडेथोडे वाचावे. पाहण्याचा क्रमही जुळवून घ्यावा. बहुतेक सहली थेट गिझाला नेतात, तेव्हा पिरॅमिड हा आकाशातून पडलेला चमत्कार वाटतो. त्याऐवजी पहिल्या दिवशी सक्कारा येथे इम्होतेप या वास्तुकाराच्या नावाशी जोडलेला जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड पाहावा, मग दहशूर येथे स्नेफेरू राजाचा, मध्येच उतार बदललेला वाकडा पिरॅमिड आणि त्यानंतर त्याचाच लाल पिरॅमिड पाहावा. दुसऱ्या दिवशी स्नेफेरूचा मुलगा खुफू याच्या पिरॅमिडपुढे उभे राहिले की चुकत, सुधारत शिकलेल्या कारागिरांचे काम दिसू लागते. मूळ सुमारे १४६ मीटर उंचीचा आकडा पाठ करण्यापेक्षा हे अधिक मोलाचे आहे. तुतनखामेन राजाच्या थडग्यातील वस्तूंसाठी गिझाजवळच्या नव्या भव्य संग्रहालयाला अख्खा दिवस द्यावा. त्याचे अधिकृत उद्घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये झाले.

खर्चाच्या बाबतीत कंबोडियाचा हिशेब आधीच मांडता येतो. अंगकोरचा पास एका दिवसाला ३७, तीन दिवसांना ६२ आणि सात दिवसांना ७२ डॉलर असा २०१७ पासूनचा दर आहे. तीन दिवसांचा पास दहा दिवसांच्या मुदतीत सोयीने वापरता येतो, म्हणून तोच घ्यावा. इजिप्तमध्ये प्रत्येक स्थळाचे तिकीट वेगळे, त्यातही लक्सरजवळच्या, राजांची थडगी असलेल्या ‘राजांच्या दरी’तील सर्वसाधारण तिकिटावर तीनच थडगी पाहता येतात आणि तुतनखामेनच्या थडग्याला पुन्हा निराळे तिकीट लागते. दर वरचेवर बदलतात व अनेक ठिकाणी रोख रक्कम घेत नाहीत, त्यामुळे परदेशी चालणारे कार्ड हवेच. त्यावर बक्षिसी आली. शब्द आपल्या ओळखीचा असला तरी दार उघडणारा, कोपऱ्यातले चित्र दाखवणारा, न मागता वाट सांगणारा असे सर्वच जण ती अपेक्षितात. सुट्ट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात आणि नको असेल तेथे पहिल्याच वाक्यात नको म्हणावे. कंबोडियाचा व्हिसा ऑनलाइन मिळतो, इजिप्तचा सर्वसाधारणपणे दूतावासातून आगाऊ घ्यावा लागतो. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लष्करी चकमकी झाल्या असल्याने सीमेजवळचे प्रेअ विहेअर मंदिर बेतात धरू नये.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींना इजिप्त सोपा. तांदूळ, मसूर, मॅकरोनी, हरभरे आणि तळलेला कांदा यांची कोशरी, तसेच फूल ही शिजवलेल्या पावट्यासारख्या दाण्यांची न्याहारी सर्वत्र मिळते. कंबोडियात भाजीतही मासळीचा रस पडतो, तो वर्ज्य असल्याचे दर वेळी स्पष्ट सांगावे लागते. कोकणी जिभेला मात्र तेथील नारळाच्या रसातली मासळी आणि भात परका वाटणार नाही.

बरोबर वयस्कर माणसे असतील तर इजिप्तची नौका त्यांना अधिक सुखाची जाईल, कारण अंगकोरला उंच, झिजलेल्या पायऱ्या जागोजागी आहेत. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या बाकान या भागाचा जिना फार खडा असून तेथे खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात आणि बारा वर्षांखालील मुलांना सोडत नाहीत. खुफूच्या पिरॅमिडच्या आत जाण्याचे वेगळे तिकीट तर गुडघेदुखी असणाऱ्यांनी काढूच नये. बराच वेळ वाकून चढल्यावर वर एक रिकामी दगडी शवपेटी तेवढी आहे. त्या पैशांत लक्सरला सहाव्या रॅमसेसच्या थडग्याचे रंगीत छत पाहून होईल.