‘आयसी गेली’ म्हणत काटा घेऊन जाणाऱ्यांपासून जपा

मासेमारीबंदीचे दोन महिने पडवीत गुंडाळून ठेवलेला ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा ऑगस्टमध्ये चालू केला की आकडा शून्यावर थांबत नाही, नाहीतर ‘एरर’ दाखवून अडकतो. फिरते दुरुस्तीवाले बंदरावर उगवतात ते नेमके तेव्हाच.

मासे विकणाऱ्या एका मावशींच्या बाबतीत असंच झालं. त्या माणसाने सील तोडून काटा उघडला, एका चिपवर बोट ठेवून ‘आयसी जळली’ म्हणाला आणि काटा घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी आणून दिला, २,८०० रुपये घेतले. आठवड्यात आकडा पुन्हा पळायला लागला. दुसऱ्याने उघडून पाहिलं तर चिप मूळचीच, कडेने नुसता चकचकीत फ्लक्स (सोल्डरिंगला लावतात तो चिकट पदार्थ) फासलेला. लोडसेलच्या (ताटाखालचा वजन मोजणारा धातूचा भाग) प्लगच्या पिनांवर हिरवट थर मात्र तसाच होता. वर कॅलिब्रेशनही, म्हणजे काट्याचा आकडा खऱ्या वजनाशी जुळवणंही, बिघडवलेलं: ५ किलोच्या शिक्क्याच्या वजनाला काटा ४.९२० दाखवत होता. म्हणजे दर पाच किलोमागे मावशींची ८० ग्रॅम मासळी फुकट जात होती.

एरर कोड कंपनीगणिक बदलतात, पण कारणं मोजकीच. चालू करताना काट्याला शून्य सापडलं नाही की एरर येतो. ताटाखाली खवलं किंवा बर्फाचा तुकडा अडकलेला असतो, नाहीतर लोडसेल वाकलेला असतो. ६ व्होल्टची बॅटरी चालू काट्यावर साडेपाचच्या खाली उतरली तरी आकडा नाचतो. आधी ताट काढून पुसा, रात्रभर चार्ज करा. एवढं सील न तोडता होतं.

तरीही चालला नाही, तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याला बोलवा आणि मल्टीमीटर तुमच्यासमोर लावायला सांगा. प्लग काढून लाल-काळ्या तारेत साधारण ४०० ओहम आणि हिरव्या-पांढऱ्या तारेत ३५० ओहम यायला हवेत. तारांचे रंग कधी वेगळे असतात, ते लोडसेलच्या लेबलवर बघावं. कुठलीही तार आणि लोडसेलचं धातूचं अंग यांत रेझिस्टन्स दिसला, तर आत ओल शिरली आहे. मग प्लग जोडून बोर्डाचे ५ व्होल्ट चालू करायचे. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोडसेल त्याच्या पूर्ण क्षमतेच्या वजनाला १० मिलिव्होल्ट देतो. रिकामा असतानाच पाच-सहा दाखवत असेल तर तो वाकलाय, बदला. हाताने दाबल्यावर आकडा सरळ वाढतो आणि सोडल्यावर जागेवर येतो, तरच बोर्डाकडे वळायचं. खाऱ्या हवेत बहुतेक वेळा आधी प्लगच खराब होतो. तो साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो.

चिप बदललीच, तर काढलेली चिप मागून घ्या. कॅलिब्रेशनचे आकडे ज्या आठ पायांच्या मेमरी चिपमध्ये असतात ती बदलली, तर शिक्क्याच्या वजनांनी पुन्हा कॅलिब्रेशन करावंच लागतं. नंतर तेच वजन ताटाच्या चारही कोपऱ्यांत ठेवून बघा.

वैध मापन (वजनमापे) कायदा २००९ प्रमाणे परवान्याशिवाय काटा दुरुस्त करता येत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी आणि सील, १२ महिन्यांचं असतं, पण दुरुस्तीसाठी सील तुटलं की मुदत बाकी असली तरी पुन्हा करावं लागतं. पासिंगची पावती हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

पुढच्या बंदीत काटा कोरडा करून ठेवा आणि बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा.