सीएनसी राउटरच्या नादात ६७,७२० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

मी नवी मुंबईत ऐरोलीला राहतो आणि महापेच्या एका कंपनीत चौदा वर्षं स्टोअर सांभाळतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) नेमप्लेट, जाळ्या, गणपतीची मखरं घरच्या घरी सीएनसी राउटरवर, म्हणजे कम्प्युटरवरच्या डिझाइनप्रमाणे आपोआप कापणाऱ्या मशीनवर, कापून विकायची, हे दोन वर्षं डोक्यात होतं. बाहेरून जॉबवर्क करून घेतलं की हातात काही उरत नाही. बजेट सत्तर हजार, त्यावर एक रुपया नाही. त्यात ३०१८ मशीन आरामात येतं, पण त्याचा बेड ३०० बाय १८० मिलिमीटर. मखराचा खांब त्यावर कसा बसवणार? मला हवं होतं ६०४०, म्हणजे ६०० बाय ४००, बॉलस्क्रूवालं (गाडा न डुलता अचूक सरकवणारा स्क्रू), दीड किलोवॅटच्या स्पिंडलचं (बिट, म्हणजे कापायचं पातं फिरवणारी मोटर). नवीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुन्याच्या जाहिराती बघत होतो. तिथे हा भेटला.

"दादा, वर्कशॉप बंद करतोय. रबाळे एमआयडीसीत गाळा आहे. ६४ हजारांत घेऊन जा, चालवायलाही शिकवतो."

तो काही अडाणी लुबाडणारा नव्हता. मी काय कापणार, किती जाडीचं, बिट कितीचं, सगळं विचारलं. "७७५ मोटरच्या भानगडीत पडू नका, १२ एमएम एमडीएफला ती दम टाकते, व्हीएफडीवरचाच स्पिंडल घ्या," असं त्यानेच मला समजावलं. ७७५ म्हणजे ३०१८ सारख्या छोट्या मशीनवरची बारकी मोटर, व्हीएफडी म्हणजे स्पिंडलचा वेग सांभाळणारा डबा. ज्याला एवढं कळतं तो चोर असेल असं कुणाच्या मनात येईल? व्हिडिओ कॉलवर मशीन चालताना दाखवलं, जाळी कापली जात होती. मी समाधानी. अरे, त्याला माझं नाव कोरून दाखव म्हणायचं ना! दोन मिनिटांचं काम. जुन्याचा सौदा व्हिडिओवर करत असाल तर हे करायला लावाच. टाळाटाळ केली की फोन ठेवा.

बघायला येतो म्हटलं तर गाळ्याची चावी मालकाकडे. मग पनवेलची पार्टी आजच टोकन देतेय. म्हणून १०,००० पाठवले. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव भलत्याच माणसाचं आलं, तर म्हणे "मेहुण्याचं खातं आहे." पुढच्या आठवड्यात निम्मी रक्कम पुरी करायला २२,०००. मला बिल हवं होतं, तर १८ टक्के जीएसटीचे ११,५२० वेगळे. पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टचे ४,२००. बिलावर पत्ता रबाळ्याचा आणि जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा २७. रोज इनवर्डला २७ टाइप करणारा माणूस मी, आणि नजर नुसती एकूण रकमेवर. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. पैसे पाठवायच्या आधी टाका.

आणि मग ती बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती.

संध्याकाळी ठाण्याहून परतताना ऐरोली स्टेशनला उतरलो तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. "माल निघाला दादा, उरलेल्यातले २० आता पाठवा, १२ मशीन लागल्यावर." गर्दी ओसरेपर्यंत खांबाला टेकून फोटो मोठा करून बघितला. नग: १. वजन: ९ किलो. ते मी वाचलं. खोटं कशाला सांगू, वाचलं. ६०४० ची फ्रेम एकट्याला उचलत नाही, वर व्हीएफडीचा डबा वेगळा. ९ किलोत काय येणार? चौदा वर्षं दुसऱ्यांच्या बिल्ट्यांवरचं वजन तपासून मी गाड्या अडवल्यात. त्याला विचारलं तर पटकन म्हणाला, "हा पहिला लॉट, फ्रेम मागून टेम्पोने." आणि मी ते मानलं, कारण ४७,७२० आधीच गेले होते. मखराच्या दोन ऑर्डरींचे ८,००० घेऊन बसलो होतो आणि गणपतीला दहा आठवडे उरले होते. ज्यांना हा मूर्खपणा वाटतो त्यांनी एकदा त्या प्लॅटफॉर्मवर माझ्या जागी उभं राहून बघावं. २०,००० पाठवले. ते बायकोच्या भिशीचे होते.

खोक्यात निघालं ३०१८. तेही वापरून झिजलेलं, प्लॅस्टिकच्या ब्रॅकेटला चीर, आणि मोटर तीच ७७५. बॉलस्क्रूच्या जागी आठ एमएमचा लीडस्क्रू. हाताने धरून हलवलं तर गाडा डावी-उजवीकडे डुलत होता. तीन एमएमचं बिट लावून एमडीएफवर जेमतेम एक मिलिमीटर उतरवलं तर मोटरचा आवाज बसला आणि जळका वास सुटला. तोवर त्याचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. दोन तास बाकावर बसवून ठेवलं. नंतर साहेब म्हणाले, "माल आलाय ना? मग हे दिवाणी आहे." साठ किलोचं सांगून नऊ किलोचं पाठवलं तर माल आला? घर म्हणून खुराडं दिलं तरी दिवाणीच का? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, ते दाखवलं तर "वकील आहात का" असं विचारलं. दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथून सायबरला जा म्हणाले, सायबरवाल्यांनी पुन्हा ठाण्यात पाठवलं. तीन चकरा, तीन हाफ डे. बँकेत गेलो तर "तुम्ही स्वतः पिन टाकलात, आम्ही काही करू शकत नाही." ज्या खात्यात पैसे गेले ते निदान गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हाच नाही, मग पत्र कुठलं? पोचपावतीवर शिक्का मिळवायलाही मला आवाज चढवावा लागला. माझ्या वयाच्या माणसाला तिथे पोरासारखं झापतात आणि लुटणारा मोकळा फिरतोय.

शंका आली त्याच मिनिटाला १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. मी चार दिवस "फ्रेम येईल" म्हणून वाट बघितली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मी ती करणार आहे, पण समोरच्याचा खरा पत्ता लागतो.

त्या पत्त्यासाठी शनिवारी रबाळ्याला गेलो. प्लॉट नंबर खरा आहे, पण तिथे दुसऱ्याच धंद्याची कंपनी, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. वॉचमनने मला आत बसवून पाणी दिलं आणि म्हणाला, "काका, मशीनवाल्याला शोधत येणारे तुम्ही तिसरे."

आधीचे दोघं हे वाचत असतील, किंवा कुणाला "वर्कशॉप बंद करतोय" म्हणून ६०४० चा असाच भाव आला असेल, तर मला मेसेज करा. बिल्टी, क्यूआरचा स्क्रीनशॉट, बिल, काहीही फेकू नका. ऑर्डरीचे ८,००० मी परत केलेत, मशीन खोक्यासकट गॅलरीत तसंच ठेवलंय. तिघं एकत्र गेलो तर त्या टेबलावर "दिवाणी" म्हणणं त्यांनाही जड जाईल.