करारातला ‘अप टू’ वाचला नाही आणि सव्वादोन लाख गेले

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. प्रकरण कोर्टात आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. सांगली-मिरज पट्ट्यातलं खासगी रुग्णालय, एवढं पुरे. गेलेली रक्कम मात्र स्पष्ट सांगते: २,२५,००० रुपये. ‘मिळतील’ म्हणून सांगितलेले आणि कधीच न मिळालेले तीन लाख यात धरलेले नाहीत.

एमबीबीएस झालं, बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष झालं, आणि जून २०२३ मध्ये स्वतः निवडायची अशी पहिलीच नोकरी समोर होती. ऑफर दोन. एक कराडकडच्या ट्रस्टच्या रुग्णालयाची: महिना ६८,०००, आठ तास ड्युटी, आठवड्याला एक सुट्टी, सॅलरी स्लिप. दुसरी या सांगलीच्या रुग्णालयाची: आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), महिना १,०५,०००. फरक ३७,००० चा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना कोणीही दुसरीच घेतली असती. ‘हाव केली’ म्हणणाऱ्यांनी तो हप्ता एकदा भरून बघावा.

पण साधा भागाकार केला नाही, ही माझी चूक. ट्रस्टकडे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाला ३२७ रुपये. इथे ‘एक दिवसाआड चोवीस तास’, म्हणजे महिन्याला १५ ड्युट्या, ३६० तास. तासाला २९२ रुपये. म्हणजे कबूल केलेला पैसा पूर्ण मिळाला असता तरी हीच ऑफर कमी पैशाची होती! ऑफर तासावर तोला. ड्युटी संपल्यावर हँडओव्हर आणि राउंड धरून प्रत्यक्षात किती वाजता बाहेर पडता येतं, ते तिथे काम करणाऱ्या आरएमओला विचारा. मॅनेजरला विचारून उपयोग नाही.

रुजू होताना तीन गोष्टी मागितल्या. परत मिळणारं डिपॉझिट म्हणून ५०,००० (वडिलांच्या बेदाण्याचे पैसे नुकतेच आले होते, त्यातून दिले). ‘व्हेरिफिकेशनसाठी’ मूळ पदवी, इंटर्नशिपचा दाखला आणि नोंदणी प्रमाणपत्र. आणि सही केलेले दोन कोरे चेक. यातली एक जरी मागणी झाली तरी तिथून उठायचं. व्हेरिफिकेशनला मूळ कागद समोर बसून दाखवतात, ठेवून घेत नाहीत. वैद्यक परिषदेकडची नोंदणी तर क्रमांकावरून तपासता येते.

आता तो क्षण. करार अकरा पानांचा, शंभराच्या स्टँपवर, सगळा इंग्रजीत. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक फुली मारलेली, सही कुठे करायची ते कळावं म्हणून. मॅनेजर शेजारी उभा राहून पानं उलटत होता आणि माझं लक्ष त्या फुल्यांवर होतं. चौथ्या कलमात लिहिलं होतं: ‘प्रोफेशनल फी अप टू रुपीज १,०५,००० पर मंथ’. अप टू. म्हणजे एक लाख पाच हजारांपर्यंत. मी आकडा वाचला, त्याच्या आधीचे दोन शब्द वाचले नाहीत. त्याखालच्याच ओळीत होतं की ५५,००० निश्चित आणि उरलेले अनेक्शर बी या जोडपत्राप्रमाणे. अनेक्शर बी जोडलेलंच नव्हतं. मी कराराची प्रत मागितली तर मॅनेजर म्हणाला, “मॅडम, हा फॉरमॅट आहे, सगळ्या डॉक्टरांनी यावरच सही केलीय. कॉपी स्कॅन करून मेल करतो.” मेल कधीच आला नाही. करार पूर्ण वाचायला मिळाला तो आठ महिन्यांनी, त्यांच्या वकिलाच्या उत्तरासोबत.

त्या फुल्या आठवल्या की अजून अंगाचा तिळपापड होतो. सही करण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. काढू देत नसतील तर सही नाही. जोडपत्राचा उल्लेख आहे आणि जोडपत्र नाही, तर तो करार अर्धाच आहे.

आणखी एक गोष्ट वकिलाच्या त्या उत्तरासोबतच कळली: करारात दुसरा पक्ष रुग्णालय नव्हताच, ‘मॅनेजमेंट सर्व्हिसेस’ नावाची वेगळीच फर्म होती. पैशाचं विचारलं की रुग्णालय म्हणतं तुमचा करार त्या फर्मशी, आणि फर्मचा पत्ता म्हणजे एक बंद गाळा. कराराच्या पहिल्या परिच्छेदात तुम्हाला पैसे देणारं नेमकं कोण आहे ते बघा: मालक व्यक्ती, भागीदारी, ट्रस्ट की प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचं नाव सापडतं. बोर्डावरचं नाव आणि करारातलं नाव वेगळं असेल तर कारण लेखी मागा.

पैसे असे आले. जुलैचे १,०५,००० लावले, त्यातून १० टक्के टीडीएस (देतानाच कापलेला आयकर) आणि १० टक्के ‘रिटेन्शन’ (राखून ठेवलेली रक्कम) कापून ८४,००० जमा केले. पहिल्या महिन्यात पूर्ण आकडा लावतात तो विश्वास बसावा म्हणून. ऑगस्टपासून ‘परफॉर्मन्स’ शून्य. ५५,००० मधून ५,५०० टीडीएस आणि ५,५०० रिटेन्शन जाऊन ४४,०००. असे चार महिने. परफॉर्मन्स म्हणजे काय, तर ओपीडीतून किती रुग्ण ॲडमिट झाले. गरज नसताना रुग्णाला खाटेवर घालायला मी तयार नव्हते, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. डिसेंबर आणि जानेवारीचा एक रुपयाही आला नाही.

हिशेब मांडते. दोन महिन्यांची निश्चित फी १,१०,०००. रिटेन्शन ३२,५००. कापलेला टीडीएस ३२,५००. डिपॉझिट ५०,०००. सात महिन्यांत हातात आले २,६०,०००. डिपॉझिट वजा केलं तर २,१०,०००, म्हणजे महिन्याला ३०,०००. ट्रस्टकडे याच सात महिन्यांचे ४,७६,००० झाले असते.

टीडीएसमधली लबाडी वेगळी समजून घ्या. तेव्हाच्या नियमांप्रमाणे पगारावर कर कापला की फॉर्म १६ मिळायचा. इथे तुम्हाला नोकर न दाखवता ‘प्रोफेशनल’ दाखवतात, आयकराच्या त्या वर्षीच्या कलम १९४जे खाली सरसकट १० टक्के कापले, मग फॉर्म १६ए मिळायला हवा होता. प्रोफेशनल दाखवलं की पीएफ नाही, रजा नाही, नोटीस पे नाही. आणि कापलेले पैसे सरकारकडे भरलेच नाहीत तर तुम्हाला कळणार कसं? तेव्हाचा फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर सरकारकडे जमा झालेल्या कराचा उतारा) उघडून. जुलै ते सप्टेंबरच्या कपातीचं विवरण त्यांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर माझ्या २६एएसमध्ये तीन महिन्यांच्या नोंदी दिसायला हव्या होत्या. मी बघितलं फेब्रुवारीत. पान कोरं. नोव्हेंबरात बघितलं असतं तर डिसेंबर-जानेवारीचे ७२० तास फुकट गेले नसते. कापलेला पण न भरलेला कर तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम २०५ नुसार तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, पण त्यासाठी कपात झाल्याचा लेखी पुरावा हवा. म्हणून दर महिन्याला कपातीचा तपशील मेलवर मागा. तोंडी नको, फोनवर नको.

राजीनामा दिल्यावर त्यांनी मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. माझाच चेक, त्यावर भरलेली रक्कम ३,१५,०००. खाली मजकूर: ‘तीन महिन्यांचा नोटीस पीरियड’. आम्हाला तीन महिन्यांची नोटीस, त्यांना चोवीस तासांची. हेही करारातच होतं. कोऱ्या चेकवर सही तुमची असेल आणि रक्कम दुसऱ्याने भरली असेल, तरी देणं होतं असंच कायदा आधी गृहीत धरतो, आणि नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. नुसतं स्टॉप पेमेंट पुरत नाही. चेक बँकेत पडण्याआधीच स्पीड पोस्टाने कळवा की हे चेक तारण म्हणून घेतले होते, देणं काही नाही, परत करा. मी ते वकिलांमार्फत केलं, फी ३,५००. मूळ कागद त्यानंतर ४७ दिवसांनी सुटले. चेक परत गेल्याची नोटीस आली तर गप्प बसू नका, पंधरा दिवसांच्या आत उत्तर द्या.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या खेपेला अर्ज ठेवून घेतला, पोच नाही. तिसऱ्या खेपेला, “हा पगाराचा वाद आहे, सिव्हिल मॅटर, कोर्टात जा.” डिपॉझिट उकळणं, मूळ पदवी अडकवून ठेवणं, कोऱ्या चेकवर रक्कम टाकून धमकावणं, हा पगाराचा वाद? वर तिथलाच एक जण म्हणाला, “डॉक्टर असून न वाचता सही करता, मॅडम?” हो, केली. म्हणून चोर साव होतो का? पगाराच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात गेले तर दारातच सांगितलं, डॉक्टर ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही आणि वेतनाच्या कायद्याची मर्यादा महिना २४,००० ची. कायदा तेव्हा तसाच होता, मान्य. पण मग जायचं कुठे, हे एकाही टेबलावर कोणी सांगितलं नाही. ज्या कार्यालयात रुग्णालयाची नोंदणी असते तिथे लेखी कळवलं की मी आता तिथे काम करत नाही, माझं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढा. आवक क्रमांक मिळाला, त्यापुढे काही नाही. नंतरही एका ओळखीच्या रुग्णाच्या केस पेपरवर माझं नाव छापलेलं बघितलं. उद्या त्या कागदावर काही विपरीत झालं तर उत्तर कोण देणार? तो आवक क्रमांक जपून ठेवलाय तो त्यासाठीच.

नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स कोणालाही देताना त्यावर आडवं लिहा: फक्त अमुक ठिकाणच्या अर्जासाठी, तारीख, सही. कोऱ्या केस पेपरवर किंवा लेटरहेडवर आगाऊ सह्या कधीच नाहीत. पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवता येतो, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे मला उशिरा कळलं. पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, ती अर्ज-विनंत्या करत बसल्याने थांबत नाही.

‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दहा किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही’ असंही कलम होतं. त्याला घाबरू नका, करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे ते टिकणं अवघड. पण मुदतीआधी सोडल्यास अमुक रक्कम भरा, ही अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात दोन लाखांची अशी अट वैध धरलीय. तेव्हा बाँडचा आकडा ‘नुसता लिहायला’ असतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि जाण्याआधी रात्री नऊनंतर एकदा त्या रुग्णालयात जाऊन या. ड्युटीवरच्या सिस्टरला किंवा खालच्या मेडिकलवाल्याला एकच विचारा: मागच्या महिन्याचा पगार किती तारखेला जमा झाला? पगार किती, हे विचारलं की थापा ऐकायला मिळतात. तारीख मात्र लोक खरी सांगतात. मी रुजू होण्याच्या चार महिने आधी गेलेल्या आरएमओलाही दोन महिन्यांचे पैसे मिळाले नव्हते. त्याचा नंबर तिथल्या सगळ्या सिस्टर्सकडे होता.

दोन चेकपैकी एक मूळ कागदांसोबत परत आला. ३,१५,००० लिहिलेला अजून त्यांच्याकडेच आहे, तारखेची जागा मोकळी. खातं बंद केलेलं नाही, कारण खातं बंद म्हणून परत गेलेला चेकही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्ये, म्हणजे चेक न वटण्याच्या गुन्ह्यात येतो. दर सोमवारी सकाळी त्या खात्याचं स्टेटमेंट उघडून बघते.