गोव्यात भाड्याची कॅम्परव्हॅन: गाडी दणकट, कंपनी बेफिकीर, पाचपैकी अडीच स्टार

आधीच सांगते, अडीच स्टार देतेय आणि त्यातला अख्खा एक रात्री फोन उचलणाऱ्या त्यांच्या मुलाचा आहे. कंपनीचं नाव टाकत नाही कारण डिपॉझिटचं बोलणं अजून चालू आहे, पण आमच्या वयाच्या लोकांना हे सगळं बुकिंगच्या आधी कळायला हवं म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही फोंड्याचे, मी शाळेतून रिटायर आणि हे वीज खात्यातून, दोघंही साठीच्या पुढे. गोव्यात जन्म गेला पण नोकरी, मुलांच्या परीक्षा, घरातल्या म्हाताऱ्यांची आजारपणं यात आपलाच गोवा निवांत बघायचा राहून गेला, म्हणून ठरवलं की हॉटेल नको, गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा, दिवाडी, मंगेशी, तांबडी सुर्ला आणि मग खाली काणकोण असं रमतगमत जायचं. गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या आकाराची, आत दोघांची बेड, छोटा किचन ओटा, फ्रिज, छपरावर एसी आणि मागे टॉयलेट. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीच्या लायसन्सवर चालते, एकूण वजन ७५०० किलोच्या आत असलं की झालं, भाड्याची गाडी म्हणून लायसन्सवर वेगळा शेरा लागत नाही, २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलंय. पंचावन्न ओलांडलेल्यांचं लायसन्स मात्र पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तेवढी तारीख बघून घ्या. आणि काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं असतील तरच गाडी घ्या, तीच खरी सेल्फ-ड्राइव्हची गाडी. आमची तशी होती, कागदपत्रं सगळी चोख, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती गाडी ताब्यात देतात त्या पद्धतीबद्दल. एक मुलगा आला, हे बटण, ते बटण, अंकल सगळं सोपं आहे, सही करा, संपलं. गाडीची उंची किती, मागचा भाग चाकाच्या मागे किती लांब येतो, टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची, एसी बॅटरीवर किती वेळ चालतो, यातलं एक अक्षर नाही. ह्यांनी दोनदा विचारलं तर म्हणाला मॅन्युअलमध्ये आहे, आणि मॅन्युअल निघालं फक्त फ्रिजचं.

त्याचा पहिला फटका बसला जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीवर. ओहोटी होती. ओहोटीला पाणी खाली गेलं की फेरीची फळी धक्क्यावरून चांगलीच उतरती लागते, आणि ज्या गाडीचा मागचा भाग लांब तिची शेपटी चढताना खाली घासते. फेरीवरचा माणूस अनुभवी, तो लांबूनच ओरडला, तिरकी घ्या, तिरकी घ्या, त्याने हात करून करून गाडी वर घेतली आणि तरीही खाली लटकणाऱ्या सांडपाण्याच्या टाकीचा कॉक मोडलाच. भांडी धुतलेलं साबणाचं पाणी थेंब थेंब गळायला लागलं. कंपनीला फोन केला तर ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या, गळू द्या, पाणीच आहे. दिवाडीच्या खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या बांधावरून आम्ही साबणाचं पाणी सांडत फिरायचं का? दिवाडीतल्याच पिएदाद गावात एका सायकल दुरुस्त करणाऱ्याने ट्यूब कापून कॉकभोवती घट्ट गुंडाळून दिली, तार पिळली, वर पैसे पण घेईना.

दिवाडीतले रस्ते ज्यांना माहीत आहेत त्यांना कळेल, दोन्ही बाजूला चिऱ्यांचे गडगे, वरून आंब्याच्या फांद्या आणि त्याहून खाली लोंबणाऱ्या केबलच्या वायरी. मी उतरून पुढे चालत होते, एका म्हाताऱ्या काकांनी घरातून नारळ पाडायचा बांबू आणला आणि गाडी सरकत होती तसतशी वायर उचलून धरली. संध्याकाळी ह्यांनी टेप लावून उंची मोजली, एसीसकट दोन मीटर नव्वद, आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगच्या वर चिकटवली. हा कागद कंपनीने चिकटवायला किती खर्च येतो?

टॉयलेटबद्दल नीट लिहिते कारण कुणी लिहीत नाही. आत कॅसेट असते, म्हणजे बाहेरून ओढून काढता येणारी टाकी, दोघांना ती दोन-तीन दिवसच पुरते, मग ती नीट शौचालयातच ओतावी लागते. गोव्यात अशा गाड्यांसाठी टाकी रिकामी करायची सोय आम्हाला वाटेत कुठे दिसली नाही. ऑफिसला विचारलं तर उत्तर आलं, किनाऱ्यालगत सुरूच्या बनात ओता, सगळे ओततात. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. आमचं घर वाटेवर होतं म्हणून मंगेशीहून पुढे जाताना फोंड्याला घरी जाऊन रिकामी केली, पण पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाने काय करायचं? तो ऐकणार कंपनीचं, आणि घाण होणार आमच्या गावांची. तेच त्या फोल्डिंग टेबल आणि गॅसच्या शेगडीचं, जाहिरातीत फोटो काय तर अगदी वाळूवर शेगडी मांडून आमलेट. पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा कायदा २००१चा आहे आणि २०१९मध्ये त्यात बदल करून उघड्यावर स्वयंपाक करणंही दंडाच्या यादीत घातलंय, किनाऱ्यावर गाडी घालायला तर मनाईच आहे. पोलिसांनी पकडलं तर दंड गिऱ्हाईक भरणार, फोटो छापणारे नाही.

मंगेशी, तांबडी सुर्ला मस्त झालं, त्याबद्दल काही लिहायचं नाही, गाडीने अजिबात त्रास दिला नाही. करमल घाटातही वळणांवर गाडी जमिनीला धरून, ब्रेक उत्तम, एवढी उंच असून डुलत नाही. काणकोणचा २०१९ला झालेला बायपास तर इतका छान की हे गाणं म्हणत होते.

पुढे काणकोणातला गालजीबागचा किनारा. कंपनीने मॅपवर जी राहायची जागा पाठवली होती तिथेच गेलो, सुरूच्या झाडांखाली, दिसायला कडक जमीन पण वर फक्त सुकलेल्या काड्यांचा थर आणि खाली भुसभुशीत वाळू. मागची चाकं बसली. गाडीत हवा भरायचा पंप नाही, फावडं नाही, ओढायला दोर नाही. जवळच्या घरातली दोन मुलं आणि त्यांची आई नारळाची चुडतं घेऊन आली, ह्यांनी चाकांतली हवा थोडी कमी केली, चुडतं चाकांखाली सारली आणि त्या बाई मला म्हणाल्या काकी तुम्ही बाजूला रहा, आम्ही ढकलतो. निघाली एकदाची. रात्री वन खात्याचा माणूस टॉर्च घेऊन आला, अगदी नम्रपणे म्हणाला बाहेरची लाईट बंद करा. गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाकडे जातात आणि समुद्राऐवजी रस्त्याकडे भरकटतात. बरोबरच होतं त्याचं. पण त्या गाडीत बाहेरच्या लाईटला वेगळं बटणच नाही, आतली बंद केली की बाहेरची बंद, शेवटी ह्यांनी फ्यूज काढून ठेवला आणि आम्ही अंधारात मोबाईलच्या उजेडावर जेवलो. ज्या कंपनीने ही जागा स्वतः सुचवली तिला कासवांची माहिती नसावी हे मला पटत नाही.

आता खरी गंभीर गोष्ट. जाहिरातीत लिहिलंय "रात्रभर एसी". ह्यांनी सीटखालचा डबा उघडला, बॅटरी १२ व्होल्टची, १०० एएच म्हणजे अँपिअर-अवर, जुन्या पद्धतीची ॲसिडवाली. म्हणजे १२०० वॅट-अवर, त्यातलं अर्धंच वापरायचं नाहीतर बॅटरी मरते, एसी घेतो हजार वॅट, हिशेब करा, अर्ध्या तासाच्या थोडं वर. त्या रात्री तेवढाच चालला, नंतर फ्रिजही गेला आणि मडगावहून घेतलेला इसवण, म्हणजे सुरमई, सकाळी टाकून द्यावा लागला. दुसऱ्या रात्री म्हणून एका होमस्टेवाल्यांच्या अंगणात गाडी लावली, त्यांनी गिझरचा १६ अँपिअरचा सॉकेट दिला, वायर जोडली, एसी सुरू झाला, मी दाराच्या दांड्याला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पाय ओल्या चिऱ्यावर, चप्पल काढलेली. हे धावत आले, खिशातला टेस्टर काढला, गाडीच्या पत्र्याला लावला तर पेटतोय, लगेच मेन बंद केला. घराचं अर्थिंग तपासलं, ते ठीक. मग गाडीचा प्लग उघडला तर आत अर्थची हिरवी वायर मुळापासून कापून टाकलेली, वर टेप गुंडाळलेला. कुठेतरी ट्रिप होत असणार म्हणून कुणीतरी मुद्दाम कापली, असं ह्यांचं म्हणणं. खाली रबराची चाकं, गाडी जमिनीपासून तुटलेली, आत कुठे लीकेज झालं की तो करंट पत्र्यात तसाच बसून राहतो आणि खाली उभा असलेला माणूस हात लावेल तेव्हा त्याच्यातून जातो. वीज खात्यात अशा कापलेल्या अर्थने गेलेली माणसं ह्यांनी बघितली आहेत. ते त्या रात्री झोपले नाहीत, मीही नाही, एसी बंद करून खिडक्या उघडून बसलो.

त्याच रात्री ज्याने फोन उचलला तो मुलगा. ऑफिसमधल्या बाईंसारखं उडवून लावलं नाही, ह्यांना म्हणाला अंकल, व्हिडिओ कॉल करा, प्लग दाखवा, बघितल्यावर गप्प झाला आणि म्हणाला वायर अजिबात लावू नका, मी सकाळी येतो. पहाटे निघून काणकोणला आला, नवीन वायर, नवीन प्लग, हे बाजूला उभे राहून सांगत होते आणि तो मन लावून शिकत होता. त्याने स्वतःच्या पैशाने आणलेले पाव आणि भाजी आम्हाला खाऊ घातली. असा मुलगा ताब्यात गाडी देणारा असता तर मी पाच स्टार दिले असते.

गाडी परत केल्यावर कंपनीने डिपॉझिटमधून सांडपाण्याच्या कॉकचे पैसे कापले, कारण काय तर फेरीवर नेली. करारात फेरीचा उल्लेखसुद्धा नाही, मी सगळी पानं दोनदा वाचली, फोटो काढून त्यांना पाठवले. अर्थच्या वायरबद्दल एकही लेखी ओळ नाही, इतर गाड्या तपासल्या का याचंही उत्तर नाही, आणि मला पैशांपेक्षा ते उत्तर हवंय कारण त्यांच्याकडे तशा आणखी गाड्या उभ्या बघितल्यात. त्यांच्याकडून गाडी घ्यायची झालीच तर प्लग त्यांच्यासमोर उघडायला लावा, तीन वायरी तीन पिनांना आहेत ना ते बघा, मगच सही करा. लेखी उत्तर आलं की इथेच खाली जसंच्या तसं टाकीन.