जुन्या पिस्टन रेग्युलेटरचं सर्व्हिस किट: घ्यावं, पण एक ओ-रिंग तपासून

स्कूबा डायव्हिंगच्या जुन्या बॅलन्स्ड पिस्टन फर्स्ट स्टेजसाठी, म्हणजे टाकीवर बसून हवेचा दाब उतरवणाऱ्या भागासाठी, हे किट चांगलं आहे. सीट (पिस्टनची धार जिच्यावर टेकून हवा बंद होते ती चकती) सपाट, रबरी ओ-रिंगा मापात. फक्त पिस्टनच्या दांड्यावरची हाय प्रेशर रिंग दाबून पाहा. ती कडक, ९० ड्युरोमीटरची (रबराच्या कडकपणाचं माप) हवी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मिळणारी साधी ७० ची रिंग मापाने बसते, पण २०० बारच्या दाबाखाली फटीत घुसून सोलली जाते. हा मोह टाळाच.

जुन्या रिंगा पितळी हुकानेच काढा, स्टीलचा ओरखडा कायमचा गळतो. पितळी भाग व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन थोडाच वेळ बुडवा, नाहीतर क्रोम सुटतो. शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने. सोलापूरच्या बोअरचं पाणी क्षार सोडून जातं.

जोडल्यावर इंटरमीडिएट प्रेशर, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या हवेचा दाब, ९ ते १० बार यावं. तोंडाकडच्या भागावरचं हवा सोडणारं पर्ज बटण वीसेक वेळा दाबून सीट बसू द्या, मग गेज बघा. काटा हळूहळू चढतच राहिला तर पिस्टनची धार भिंगाखाली तपासा. धारेला खाच असेल तर नवी सीटही टिकत नाही.

सोबतचं ग्रीस सिलिकॉनचं आहे, नायट्रॉक्सला (जास्त ऑक्सिजनच्या हवेला) चालत नाही. इनलेट फिल्टर किटमध्ये नाही, वेगळा मागवा. उरलेल्या रिंगा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. इथल्या मे महिन्यात रबर लवकर वठतं.